वैऱ्याचं नाव

"नाव सांगायला एवढा वेळ लागतो का, बाबा?"

सुभानरावाने पुन्हा विचारलं. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. पोराच्या बारशाला बाप कुऱ्हाड घेऊन आला होता.

नूरशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर बसून होता. समोर गिरजा, सुभानरावाची बायको, तान्हं पोर छातीशी धरून उभी. मागे भावकीची माणसं. खाली नदी, आणि नदीपलीकडे वैऱ्यांचं गाव. त्या काठावरही माणसं जमली होती. हातातल्या काठ्या लपवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

एरवी बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. या घराण्यात मात्र थोरल्या मुलाच्या कानात दर्ग्याचा फकीर बोलायचा. दोन नावं. आधी आजोबाचं, ते बाळाने घ्यायचं. मग वैऱ्याचं, त्याला बाळाने मोठं होऊन मारायचं.

दोन्ही गावांना या वैराचा अभिमान होता. ते कशावरून सुरू झालं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे बांध, कुणी म्हणे बैल. विधवांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

"आजोबाचं नाव काय?" नूरशाने विचारलं.

"हंबीरराव. तुम्हाला ठाऊक आहे."

"कसा गेला?"

"येसाजीने मारला. याच उतारावर."

"का?"

"माझ्या बापाने त्याच्या बापाला मारलं होतं. रायाजीला."

"ते का?"

"रायाजीने माझ्या आज्याला मारलं होतं. ज्याचं नाव मी लावतो, त्या सुभानरावाला."

"आणि येसाजी?"

सुभानरावाने कुऱ्हाडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

"गेला. गेल्या पावसाळ्यात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग आता वैरी कोण उरला?"

"त्याचा पोरगा. त्याचंही नाव रायाजी."

"वय काय त्याचं?"

सुभानरावाने नजर नदीपलीकडे वळवली.

"वय विचारतोय, सुभाना."

"...दात येतायत म्हणे."

या वेळी मागे कुणी हसलं नाही.

"याच ओट्यावर तू अक्षरं शिकलास," नूरशा म्हणाला. "मी पाटीवर काढायचो, तू वरून गिरवायचास. गिरवण्यापुढे गेलाच नाहीस."

सुभानरावाचं तोंड लाल झालं.

"आणि तुम्ही? माझ्या कानात येसाजीचं नाव कुणी सांगितलं होतं? तेव्हा तोही रांगतच असेल. सांगा ना! कुणी सांगितलं?"

"मी."

"मग आताच का दातखीळ बसली?"

सुभानराव ओट्याजवळ सरकला.

"जमीन आमच्या आज्याने दिलीय या दर्ग्याला. दिवस मावळायच्या आत इथे दुसरा फकीर बसवीन. तो बोलेल."

"बोलेल की. तसले फकीर हवे तेवढे मिळतात."

"बाबा!"

कुऱ्हाड खांद्यावरून खाली आली. गिरजाने डोळे मिटले. पलीकडच्या काठावर माणसं उठून उभी राहिली.

नूरशाने पलीकडच्या काठावरून नजर फिरवली. मग म्हणाला,

"आण पोराला."

गिरजा जागची हलेना.

"ऐकू येत नाही का?" सुभानराव गरजला. "जा!"

ती ओट्याशी गेली. तिने पोर फकिराच्या हाती दिलं नाही. धरूनच उभी राहिली. नूरशा वाकला. त्याची पांढरी दाढी पोराच्या गालावर टेकली. ओठ हलले. पोराने तोंड वेडंवाकडं केलं, पण रडलं नाही.

नूरशा थांबला... आणि पुन्हा वाकला. ओठ पुन्हा हलले.

गिरजाने झटकन मान वर केली.

"झालं?" सुभानरावाने विचारलं.

"झालं."

"आजोबाचं सांगितलं?"

"सांगितलं."

"आणि वैऱ्याचं?"

"तेही सांगितलं."

सुभानरावाने श्वास सोडला. कुऱ्हाड ओट्याला टेकवून ठेवली आणि हात पुढे केले.

"दे इकडे माझ्या वाघाला."

गिरजा मागे सरली.

"अगं, दे की."

ती आणखी मागे सरली. पाठ दर्ग्याच्या भिंतीला लागली. तिने पदर ओढून पोराचं तोंड झाकलं. नवऱ्यावरची नजर मात्र हलवली नाही.

"असं काय बघतेस? काय ऐकलंस तू?"

तिने पोराला आणखी घट्ट धरलं.

सुभानरावाचे हात तसेच पुढे राहिले. मान तेवढी फकिराकडे वळली.

"बाबा... वैरी म्हणून कुणाचं नाव सांगितलंत?"

"तुझं."