कोणता एन्लार्जर घेऊ?

"मग कुसुमला कोणता घ्यायला सांगितलात?" विनायकने विचारलं.

मिरजेच्या यासीन उस्तादांकडे विनायक बेलवलकर सात वर्षं फोटो छापायला शिकत होता. कुसुम सातपुते दोन वर्षांपूर्वी आली, आणि सांगलीच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस तिच्या फोटोला मिळालं. तेव्हापासून विनायक तिच्याशी बोलला नव्हता.

"कुसुमला मी काहीच सांगितलं नाही," उस्ताद म्हणाले. "ती इथल्याच एन्लार्जरवर छापते."

"या खटाऱ्यावर?"

"हो."

"मला नाही पटत. मला नवा घ्यायचाय. जर्मन लेन्सचा. किंवा... तुम्ही म्हणाल तो."

"कशाला?"

"फोटो मोठे करायला."

"किती मोठे?"

विनायकने त्या खटाऱ्याकडे एकवार पाहिलं. मग म्हणाला, "तिच्यापेक्षा."

उस्तादांनी त्याच्या हातात एक निगेटिव्ह ठेवली. "याची एक चांगली प्रिंट काढ. मग बोलू."

दोघं आत गेले आणि डार्करूमचं दार लागलं. लाल दिव्याच्या उजेडात पहिल्या प्रिंटवर एक म्हातारा उमटला. तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन बसलेला. पण चेहरा काळाठिक्कर. डोळेच नाहीत.

दुसरी काढली. तीच गत.

तिसऱ्या वेळी त्याने एन्लार्जरच्या झोतात हात धरला. चेहऱ्यावर येणारा उजेड तेवढा अडवला, म्हणजे कागद तिथे कमी काळा पडेल. बोटं हलकेच हलवत राहिला... श्वास रोखून.

कागद रसायनात बुडवला. हळूहळू म्हाताऱ्याने डोळे उघडले.

विनायक पाहतच राहिला. "उस्ताद, कोण हो हे?"

"कुसुमचे वडील. गेल्या महिन्यात वारले. हा त्यांचा शेवटचा फोटो. तिला छापता येईना. हात थरथरतो."

"वारले?... मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

विनायकचा चेहरा उतरला. मग कठोर झाला. त्याने ओली प्रिंट उचलली. दोन्ही हातांत धरली, फाडायला धरतात तशी.

उस्ताद जागचे हलले नाहीत.

कागदावरून थेंब गळत राहिले...

बऱ्याच वेळाने विनायकने प्रिंट अलगद पुन्हा रसायनाच्या तबकात सोडली.

"आधीच का नाही सांगितलंत, कुणाची निगेटिव्ह ते?"

"चेहऱ्यावर हात किती सेकंद धरलास?"

"सहा."

"आणि आधी सांगितलं असतं, तर तेवढा वेळ धरला असतास?"