मरुतांचे घावन

कोकणातल्या वाडेखोल बंदरी महाराज चातुर्मासाला राहिले होते. गाव भाविक, पण त्या गावात दामोदरशास्त्री होते. भर प्रवचनात उठून महाराजांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा रोजचा नेम. भक्तांना वीट आला होता. महाराजांनाही आला असावा, संत झाले म्हणून काय झाले!

नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी वादळ उठले. सगळ्या होड्या परतल्या, सोनकी खारविणीच्या नवऱ्याची, धर्मा तांडेलाची, तेवढी राहिली. शास्त्रीबुवांनी देवळात मरुतांची सूक्ते म्हणायला घेतली. मरुत हे वादळाचे देव. ते कसे गर्जतात, डोंगर कसे हलवतात, याची स्तुती सकाळपासून अकरा वेळा झाली. वारा वाढतच होता.

मरुत म्हणजे दितीची एकोणपन्नास लेकरे, असे सोनकीने महाराजांच्या तोंडून ऐकले होते. तिने एकोणपन्नास इवलेसे घावन केले आणि देवळाच्या पायरीवर केळीचे पान मांडले.

“मरुतांना घावन?” शास्त्रीबुवा खेकसले. “ती काय तुझ्या ओटीवरची पोरे आहेत? त्यांना तूप लागते, अग्नी लागतो, शुद्ध स्वर लागतो. उचल ते.”

महाराजांनी कपाळाला हात लावला. “शास्त्रीबुवा, ते किती जोरात धावतात, हे तुम्ही त्यांना अकरा वेळा सांगितलेत. एवढे कौतुक झाल्यावर कोणते पोर धिंगाणा घालणार नाही? आता कृपा करून गप्प बसा. सोनकी, घरच्या पोरांना सांगतेस तसे सांग.”

सोनकी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. “बाबांनो, लई दंगा झाला. माजा घोव दर्यात हाय, त्याला घरला येऊ द्या. ह्ये खावा नि गप निजा.” बोलता बोलता तिला रडू फुटले. महाराजांनी हात जोडले.

आणि काय सांगावे! पान जागचे हलले नाही, पण घावन एकेक करून उचलले गेले. एकोणपन्नासावा गेला आणि वारा पडला. खाडीच्या तोंडाशी धर्माची होडी दिसली. शीड फाटले होते, माणूस मात्र धड होता.

“पण वेदात संख्या वेगळी...” एवढे बोलून शास्त्रीबुवा थांबले. मग महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय मागे घेतले. “इथे कशाला? तिच्याकडे जा.”

सोनकी कमरेएवढ्या पाण्यात होडी ओढत होती. शास्त्रीबुवा जवळ जाऊन वाकू लागले, तशी ती वैतागली. “नमस्कार मागनं घाला, बुवा. आदी दोर धरा.”

त्यांनी दोर धरला. होडी वाळूवर आली तेव्हा त्यांचे तळवे सोलले होते. तेच हात जोडून त्यांनी खारविणीच्या पायांशी डोके टेकले. तिचे लक्षही नव्हते. ती पदराने नवऱ्याचे तोंड पुसत होती.