हाताला कसं लागतंय?

एकदा एक तरुण चीन देशातल्या एका डोंगरी गावी तळहात पोलादासारखा कठीण करण्याची विद्या शिकायला गेला. त्या गावी एक वृद्ध गुरू राहत. त्यांच्या हाताच्या एका फटक्याने दगडी फरशीचे दोन तुकडे होत, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. तरुणाला पराक्रमाची हौस नव्हती, पोटाची गरज होती. खेचरांवर चहा लादून खिंडीपलीकडे नेणारा एक व्यापारी त्याला म्हणाला होता, "गुरूंच्या अंगणात फरशी फोडून दाखव, आणि माझ्या तांड्याचा रखवालदार हो." तांड्याची वाट तरुणाच्या गावावरूनच जात होती. म्हणजे पोटही भरणार आणि अधूनमधून घरही दिसणार. घरी बायको होती आणि तिला सहावा महिना लागला होता.

गुरू म्हणाले, "तीन वर्षं राहावं लागेल."

"दोन वर्षांत नाही का फुटणार फरशी?"

"फरशी दोन वर्षांतही फुटेल," गुरू म्हणाले. "पण राहायचं तीन वर्षं."

या उत्तराचा अर्थ शिष्याला लागला नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. निदान अर्थ विचारायला सवड तरी नसते.

विद्येची रीत साधी होती. ओट्यावर एक जाड कापडाची पिशवी ठेवलेली असे. पहिल्या वर्षी तिच्यात मूग, दुसऱ्या वर्षी बारीक खडी, तिसऱ्या वर्षी लोखंडाचे छर्रे. सकाळी उठून तिच्यावर तळहाताने शंभर फटके मारायचे. त्यानंतर तांदळाच्या दारूत मुळ्या आणि साली मुरवून केलेले एक काळपट औषध हातांना लावायचे आणि एक उदबत्ती विझेपर्यंत चोळत बसायचे. फटक्यांना जितका वेळ लागे, त्याच्या तिप्पट वेळ या चोळण्याला लागे. औषधाचा वास असा उग्र, की शिष्याला दुपारच्या भातालाही तोच वास येई.

याखेरीज गुरूंची एक विचित्र सवय होती. दिवस कलला, की ते शिष्याला परसात बोलावत, डोळे मिटायला सांगत आणि त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवत. कधी ओले पान, कधी पीचचे फळ, कधी मांजराचे पिल्लू. आणि विचारत, "हाताला कसं लागतंय?"

शिष्य सांगे, "पान गार आहे गुरुजी. वरून गुळगुळीत, खालून जरा खरखरीत. मधली शीर बोटाला लागते." गुरू ते सगळे मान खाली घालून ऐकत, उपाशी माणसाने दुसऱ्याच्या घरच्या पंगतीचे वर्णन ऐकावे तसे. मग आत जात. शिष्याला वाटे, म्हातारा थोडा चळला आहे, पण विद्या पक्की आहे. आपल्याला विद्येशी काम.

पहिले वर्ष सरले आणि व्यापारी खेचरे घेऊन त्या वाटेने आला. त्याने घरचा निरोप आणला होता. मुलगी झाली होती. बायकोने सांगून पाठवले होते, "पोर पाठीवर हात ठेवल्याशिवाय झोपत नाही. माझा हात अवघडून जातो. तुमचा हात कधी येतोय?"

त्या दिवसापासून शिष्याचे मन थाऱ्यावर राहिले नाही. डोळे मिटले, की त्याला न पाहिलेली ती इवलीशी पाठ दिसे. तीन वर्षे त्याला युगासारखी वाटू लागली. त्याने मनाशी हिशेब मांडला: फटक्यांनी हात कठीण होतो, चोळण्याने तर मऊच होत असणार, मग चोळण्यात सकाळ का घालवा? तो वाटीतले औषध गुपचूप अंगणातल्या तुतीच्या झाडाच्या मुळाशी ओतू लागला आणि वाचलेल्या वेळात आणखी दोनशे फटके मारू लागला. खडीची पाळी संपायच्या आत त्याने पिशवीत छर्रे भरले.

"औषध चोळतोस ना?" गुरू विचारत.

"हो गुरुजी."

गुरू विश्वास ठेवत. संध्याकाळची उत्तरे मात्र आखूड होत गेली. "गार आहे." "मऊ आहे." पुढे पुढे शिष्य वजनावरून आणि वासावरूनच ओळखू लागला. आपण हाताने नव्हे, नाकाने उत्तर देतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

दुसरे वर्ष संपता संपता व्यापारी पुन्हा आला. शिष्याने अंगणात दोन विटांवर फरशी मांडली, श्वास घेतला आणि हात खाली आणला. फरशी मधोमध दुभंगली. व्यापारी खूश झाला. "चल, उद्याच निघू!" तो म्हणाला. "चौथ्या दिवशी तू तुझ्या घरी!"

शिष्याला आनंद मावेना. पाहुण्याला चहा द्यायचा म्हणून तो चुलीपाशी धावला, जाळावरची लोखंडी किटली कडीला धरून उचलली आणि हसत, बोलत, व्यापाऱ्याच्या पेल्यात चहा ओतू लागला. ती कडी तापून लाल व्हायची बाकी होती. रोज ती फडक्याने धरावी लागे. हात जळल्याचा वास अंगणात पसरला.

"वाहवा!" व्यापारी ओरडला. "याला म्हणतात हात!"

गुरूंचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी किटली खाली ठेवायला लावली आणि शिष्याचा तळहात उलटा करून पाहिला. कातडी सोलवटली होती.

"दुखतंय?"

"अजिबात नाही, गुरुजी," शिष्य अभिमानाने म्हणाला.

गुरू उठले. त्यांनी छर्र्यांची पिशवी उचलली, परसातल्या ओढ्यापर्यंत नेली, विळ्याने फाडली आणि सगळे छर्रे पाण्यात ओतले. मग परत येऊन व्यापाऱ्याला म्हणाले, "हा येणार नाही. पुढच्या वसंतात या."

व्यापारी कपाळाला हात लावून निघून गेला. शिष्याला रडू कोसळले. "गुरुजी, माझी पोर पावणेदोन वर्षांची झाली. मी तिचं तोंडही पाहिलेलं नाही. माझा काय गुन्हा झाला?"

गुरू त्याच्या शेजारी ओट्यावर बसले.

"पोरा, माझ्याही गुरूंनी मला औषध दिलं होतं. मीही ते झाडाच्या मुळाशी ओतलं. एकदोन नव्हे, पंधरा वर्षं. मग मोठं नाव कमावून घरी गेलो. आई अंथरुणाला खिळलेली, दृष्टी गेलेली. ती म्हणाली, 'कपाळाला हात लावून बघ रे, ताप आहे का?' मी हात लावला. मला काहीच लागलं नाही. म्हटलं, 'नाही गं आई, ताप नाही. झोप तू.' शेजारीण आली तेव्हा म्हणाली, अहो, या तर निखाऱ्यासारख्या भाजतायत. वैद्य येईपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर औषध पुष्कळ चोळलं, पण फार उशीर झाला होता. आघाताने हात कठीण होतो. औषधाने तो हातच राहतो. तुझ्या मुलीला फरशी फोडणारा बाप नकोय, पाठीवर हात हवाय. तो हात घेऊन जा."

शिष्याला एकदम परसातल्या त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. पान, फळ, पिल्लू.

"म्हणजे रोज जे विचारत होतात..."

"ती तुझी परीक्षा नव्हती," गुरू म्हणाले. "हाताला कसं लागतं, ते मला खरंच ठाऊक नव्हतं."

पुढचे सगळे वर्ष शिष्याने एकही फटका मारला नाही. सकाळी एक उदबत्ती, संध्याकाळी एक उदबत्ती, तो हात चोळत बसे. कित्येक महिने काही होईना. तळहात लाकडासारखे पडून राहत आणि शिष्य खिंडीकडे बघत राही. मग थंडीत एके सकाळी हातांना मुंग्या आल्या. आठवड्याने औषध असे झोंबले, की तो कळवळला आणि कळवळता कळवळता मोठ्याने हसू लागला. असे हसणारा मनुष्य त्या गावाने पूर्वी पाहिला नव्हता.

वसंत आला तेव्हा गुरूंनी त्याला परसात बोलावले, डोळे मिटायला लावले आणि हातावर काहीतरी ठेवले. "हाताला कसं लागतंय?"

"कापडी जोडा आहे. न वापरलेला." शिष्य बोटे फिरवू लागला. "तळव्याला चिंध्यांचे थर आहेत आणि वर जाड दोऱ्याचे टाके. पुढचे टाके अगदी जवळजवळ, एकसारखे. मधे जरा वाकडे गेलेत. इथे दोरा संपलाय, गाठ आहे. गाठीपाशी सुईची दोन भोकं रिकामीच आहेत, म्हणजे दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा टाका बसलाय. टाचेकडे टाके मोठे होत गेलेत. शिवणाऱ्याचा हात थकला असावा."

शिष्याने डोळे उघडले, तर गुरूंचे डोळे मिटलेले होते.

"शेवटी आईला दिसत नव्हतं," गुरू हळूच म्हणाले. "बोटांनी चाचपून शिवला तिने माझ्यासाठी. मला तो बोटांनीच वाचायचा होता. टाचेकडचं पुन्हा सांग."

शिष्याने पुन्हा सांगितले. तीन वेळा सांगितले.

चार दिवसांनी खेचरांच्या घंटा ऐकू आल्या. शिष्याने गाठोडे बांधले. मुलगी आता पाठीवर हात नसतानाही झोपत असेल, ही रुखरुख त्याच्या मनात होती; गेलेली वर्षे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. अंगणाच्या दारात तो गुरूंच्या पाया पडला आणि उठताना त्याने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. डोंगरावरचा वारा अजून बोचरा होता. शिष्य थबकला.

"गुरुजी, तुमचे हात गारठलेत," तो म्हणाला. "आत जाऊन शेकोटीपाशी बसा."

"असं?" गुरू म्हणाले. त्यांनी आपल्या हातांकडे एकदा पाहिले, आणि तीन वर्षांत प्रथमच शिष्याचे ऐकून ते आत जाऊन बसले.