आव्यापाशी वाढलेले पान

पूर्वी शाकल नगरात मद्र देशाचा एक राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने वेशीजवळच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला होता. हात मातीत आणि लक्ष माणसांकडे, असा तो कुंभार होता.

त्याच आळीत अरिंदम नावाचा एक म्हातारा सैनिक एकटाच राहत असे. तरुणपणी शत्रू वेशीवर चालून आला, तेव्हा दरवाजा बंद होईपर्यंत तो एकटा तिथे उभा राहिला होता. त्यात त्याचा डावा हात गेला. त्या वेळच्या राजाने त्याला कोठारातून रोजचे धान्य लावून दिले. पुढे तो राजा वारला, कोठारावर नवा अधिकारी आला आणि म्हणाला, "लेख दाखव." राजाने तोंडाने दिलेल्या शब्दाचा लेख कुठून आणायचा? धान्य बंद झाले. म्हाताऱ्याने कोणाला सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! रोज संध्याकाळी त्याच्या छपरातून धूर निघे आणि आळी समजे, म्हातारा जेवला.

एके दिवशी तो तडकलेले मडके बदलून घ्यायला आला. कोणाच्या घरी काय शिजते, ते कुंभाराला मडकेच सांगते. बोधिसत्त्वाने आत बोट फिरवले. बाहेर काजळीचा जाड थर होता, पण आत पेजेचा माग नव्हता. पाण्याचे पांढरे पुट तेवढे होते. म्हातारा रोज नुसते पाणी उकळत होता. बोधिसत्त्वाने त्याला नवे मडके दिले.

म्हातारा गेल्यावर त्याने पत्नीला, उप्पलेला, सांगितले. तिने आळीला सांगितले. बायकांनी ओंजळ ओंजळ तांदूळ नेऊन म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवले. मन चांगले, पण रीत चुकली. न बोलता उंबऱ्यावर ठेवलेले धान्य त्या नगरात भीक समजत. म्हाताऱ्याने ते सगळे चिमण्यांना टाकले आणि नगर सोडून रानात जाण्यासाठी गाठोडे बांधायला घेतले. त्या वयात, एका हाताने, रानात जाणे म्हणजे मरायलाच जाणे होते.

"चूक माझी," बोधिसत्त्व उप्पलेला म्हणाला. "काय द्यायचं ते सांगितलं, कसं द्यायचं ते सांगायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी आवा पेटायचा होता. मडकी भाजायची ती भट्टी पेटली की कुंभारवाड्यात घरोघरच्या चुली बंद असत. सगळ्यांचे धान्य एकाच मोठ्या मडक्यात शिजे आणि आळी आव्याभोवती जेवायला बसे. पाने वाढली, तोवर म्हातारा गाठोडे घेऊन वेशीपर्यंत पोचला होता. बोधिसत्त्व त्याच्या मागोमाग गेला.

"बाबा, पानं वाढली आहेत. चला."

"मी माती तुडवली नाही, आवा रचला नाही. कोणत्या नात्यानं जेवू? मोडेन कुंभारा, पण वाकणार नाही."

दुसरा कोणी असता तर राखणीला माणूस हवा आहे, अशी थाप मारून मोकळा झाला असता. बोधिसत्त्व खोटे बोलत नसे.

"तुम्ही उपाशी आहात, म्हणूनच बोलावतोय," तो म्हणाला. "या दरवाज्यात तुमचा हात गेला, तेव्हा कोणाचे उपकार नकोत, असं आम्ही कुठं म्हटलं? मी आईच्या कडेवर होतो. सगळ्या गावानं निमूट घेतलं. आम्हाला घेता आलं बाबा, मग तुम्हालाच का येऊ नये?"

म्हाताऱ्याने दरवाज्याकडे पाहिले. मग त्याने गाठोडे खाली ठेवले.

"भूक लागली आहे," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितले होते.

त्या दिवसापासून तो पाळीपाळीने आळीत जेवू लागला. पाळी चुकवली, तर त्या घरची बाई येऊन त्याला चार शब्द सुनावून जाई.

ही कथा भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, सांगितली, तेव्हा समोर एक आजारी वृद्ध भिक्षू पडून होता. दुसऱ्याच्या हातची पेज त्याने सकाळीच परत पाठवली होती. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अरिंदम तो हाच. ती आळी म्हणजे आज याच्या उशाशी बसलेले तुम्ही. आणि तो कुंभार मी होतो."

वृद्ध भिक्षूने पेज मागितली. घेणाऱ्याला ताठ मानेने घेता यावे, असे जे देणे, त्यालाच मैत्री म्हणतात.