कडीखालची जागा

“मग नाव कधी लिहू, उस्ताद?”

सन्मतीनं हे आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं. समोर पाटावर हातभर लांबीचा ट्रक होता. नुकताच निळा झालेला, अजून ओला.

बाबालाल उस्तादांनी फवाऱ्याचा डबा कानाशी धरून हलवला. आतली गोळी खडखडली.

“रंग बसू दे की आधी.”

मिरजेच्या ट्रक अड्ड्यामागं उस्तादांची पत्र्याची शेड. चाळीस वर्षं त्यांनी खरे ट्रक रंगवले. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते रिमोटवर पळणाऱ्या छोट्या ट्रकांकडे वळले. हौशी लोक त्यांच्या कडक प्लास्टिकच्या बॉड्या खोक्यात घालून पाठवतात, कोऱ्या, पांढऱ्याफटक. इथून त्या रंग लेऊन जातात.

आकार घटला, पण रीत तीच राहिली. काम मनाजोगं झालं तरच ड्रायव्हरच्या दारावर, कडीखाली, रंगवणाऱ्याचं नाव. तांदळाच्या दाण्याएवढं.

सन्मती मगदूम कोल्हापूरला चित्रकला शिकून आलेला. हात सफाईदार, आणि त्या सफाईची जाणीव हाताहून मोठी. चार वर्षांत त्याला त्या जागी ब्रश टेकवायची परवानगी मिळाली नव्हती आणि ते त्याला आतून खात होतं. या वेळी उस्तादांनी पहिल्या धुण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं त्याच्या एकट्यावर सोपवलं होतं. हा ट्रक जमला तर नाव त्याचं.

ट्रक राजाक्का चौगुलेंचा. त्यांचा मुलगा उमेश ड्रायव्हर होता. आपल्याच गाडीची ही छोटी प्रत त्यानं हौसेनं जोडायला घेतली होती. केबिन चिकटवून झाली, तेवढ्यात एक भाडं आलं. त्या खेपेला घाटात अपघात झाला आणि तो परतला नाही. येत्या सोमवारी त्याला वर्ष होत होतं.

“निळा द्या,” राजाक्का एवढंच म्हणाल्या होत्या. “त्याच्या गाडीचा हुता तसा.”

सन्मतीनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. बॉडी साबणाच्या पाण्यानं धुतली, हातमोजे घालून पुसली, बारीक पॉलिश पेपरनं ओली घासली, राखाडी प्रायमर मारला. मग निळा. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून न्यायचा आणि बाहेरच सोडायचा. असे पातळ पातळ चार हात. कुठं थेंब नाही, कुठं ओघळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या तळाशी अंगठ्याचा ठसा उमटला होता.

रेघ न् रेघ दिसत होती.

आपलाच हात लागला असणार म्हणून तो स्वतःवर चडफडला. उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवून ठसा जवळून पाहिला आणि सांगितलं, की गोंद लागलेल्या बोटानं प्लास्टिक धरलं तर ते विरघळतं आणि ठसा आत मुरतो. वरून घासला तरी रंगाच्या ओलीनं फुगून येतो. जोडताना उमेशचा लागला असेल.

सन्मतीला हायसं वाटलं. कारण कळलं म्हणजे उपायही कळला. त्यानं दार घासून पांढरं केलं, पुट्टी भरली, ती वाळू दिली, पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं.

ठसा आला. पण तळाशी नाही. दाराच्या मध्यावर.

“उस्ताद... हा सरकलाय.”

उस्ताद बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी ओठाला लावली.

मुरलेला ठसा फुगून येईल, पण चालत कसा येईल? सन्मती घाबरला. तरी भीतीपेक्षा राग मोठा होता. एका मेलेल्या माणसाचा अंगठा आपलं नाव अडवतोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

मग तो हट्टालाच पेटला. मोज्यातून खाचखळगा कळत नाही म्हणून त्यानं मोजे काढून टाकले. ओला पेपर अंगठ्याखाली धरून तीन दिवस तो त्या दारापाशी बसला. घासायचं, धुवायचं, रंगवायचं. जेवणाचा डबा उघडायचीही शुद्ध राहिली नाही.

रविवारी सकाळी ठसा कडीला येऊन टेकला होता. बरोबर नावाच्या जागेवर.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तरी सन्मतीला वाटलं, की कुणीतरी गाडीत चढायच्या बेतात आहे आणि आपण वाटेत उभे आहोत. तो दोन पावलं मागं सरला.

उस्ताद आले तसं त्यानं सांगून टाकलं. हे दारच कापून काढतो. नवं प्लास्टिक बसवतो. राजाक्कांना पत्ताही लागणार नाही.

“काप की,” उस्ताद म्हणाले. “आधी इकडं ये.”

त्यांनी फवाऱ्याचा निळा डबा कोमट पाण्यातून काढला, हलवला आणि दारावरून एकच हात फिरवला. ठसा बुडाला. दार चकचकीत झालं.

“अंगठा ठेव.”

“ओल्या रंगावर?”

“कडीखाली. ठेव.”

ज्या चुकीसाठी चार वर्षं शिव्या खाल्ल्या, तीच करायला सांगत होते. सन्मतीनं अंगठा टेकवला आणि उचलला.

एक लांबट गोल डाग उठला. एवढंच. त्यात एकही रेघ नव्हती.

त्यानं अंगठा उजेडात धरला. पेपरनं कातडी पार गुळगुळीत झाली होती. हा अंगठा कुणाचाही असू शकला असता.

उस्तादांनी आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. पाचही बोटं तशीच. रेशनच्या अंगठा घेणाऱ्या मशीनला उस्ताद सापडत नाहीत, हे अख्ख्या अड्ड्याला ठाऊक होतं. सन्मती त्यावर हसायचा. आज त्याला हसू आलं नाही.

“बघ,” उस्ताद हळूच म्हणाले.

त्या कोऱ्या डागात एक रेघ वर येत होती. मग दुसरी. मग त्यांचा भोवरा...

बाहेर कुणाचा तरी ट्रक मागं येत होता आणि क्लीनर ओरडत होता, “येऊ दे... येऊ दे... येऊ दे...”



सोमवारी दहाला राजाक्का आल्या. सन्मतीनं दार कापलं नव्हतं. काय सांगायचं ते मात्र घोकून ठेवलं होतं: मावशी, एक डाग राहिला, माफ करा.

त्यांनी ट्रक मांडीवर घेतला. टपावरून, काचेच्या चौकटीवरून हात फिरवत त्या दारापाशी आल्या आणि थांबल्या.

“हे तुमास्नी कुणी सांगितलं?”

“काय, मावशी?”

“गाडीत चढायच्या आधी त्यो हितंच अंगठा टेकवायचा. कडीखाली. मग कपाळाला लावायचा. रोजचं हुतं त्याचं.” त्यांनी कडीवरून बोट फिरवलं. “त्या दिशी तेवढं ऱ्हायलं. भाडं घाईचं हुतं. मीच म्हटलं, चढ लवकर...”

त्यांनी ठशावर आपला अंगठा टेकवला, तो कपाळाला लावला, आणि मग त्यांना रडू आवरेना.

 तीन दिवस सन्मती त्या पोराला दारापासून मागं लोटत होता.

राजाक्का डोळे पुसत होत्या, तेवढ्यात उस्तादांनी सगळ्यांत बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि सन्मतीपुढं धरला. चार वर्षं वाट पाहिलेला ब्रश.

सन्मतीनं तो घेतला. हात पुढं होईना.

“उस्ताद... नाव?”

“लिही की,” उस्ताद म्हणाले. “जागा मोकळी असली तर.”