ओला रंग

घाटात ट्रॅक्टर नुकतेच चढू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. फांद्यांचा भुसा करणारं एक यंत्र ट्रॅक्टरमागून गावोगाव फिरे. खंडेनवमीला त्याला पिवळाधमक रंग दिला आणि ते फुशारलं.

दुसऱ्या आठवड्यात घाट उतरून बाजारच्या गावी जायचं होतं. निघण्याआधी त्याला ठोकून तपासायला म्हातारी हातोडी आली.

"बाभळी पचवल्यात मी, आजी. खुशाल ठोका," यंत्र म्हणालं.

पाती, चाकं ठणठणीत वाजली. हातोडी ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याकडे वळताच ते घाईने म्हणालं, "तिथं नको, रंग ओला आहे."

"बाकीचा वाळला, आणि एवढाच राहिला होय रे?"

तिने हलकेच ठोकलं. रंगाची खपली उडाली. खाली बोटभर भेग होती.

"आता सांग," हातोडी म्हणाली, "उतारावर तू ट्रॅक्टरच्या मागेच राहिलं असतंस, की त्याच्याआधी बाजारात पोचलं असतंस?"