रायाजीचा पट्टा आणि रुसलेली माती

एका राज्यात, जेथे पक्ष्यांना वाचा होती आणि मातीला मान होता, रायाजी केरोजी धारराव या नावाचा, वयाची बावीस वर्षे पूर्ण केलेला एक पट्टेकरी राहत होता. पट्टा म्हणजे अडीच हात लांबीचे लवलवते दुधारी पाते. त्याच्या मुळाशी लोखंडी मूठ असते आणि ती कोपरापर्यंतचा हात गिळून टाकते. रायाजी पट्टा फिरवू लागला की भर पावसात त्याच्या अंगाला थेंब लागत नसे. हे राज्यातील सर्वांस ठाऊक होते, आणि सर्वांत अधिक ते रायाजीस ठाऊक होते.

त्याची विद्या मानाजी वस्तादांच्या तालमीतली. त्या तालमीचा एक जुना दंडक होता. तळहातावर लिंबू घेऊन जो उभा राहील, त्याच्या तळहाताला पट्टेकऱ्याने आधी आपले कपाळ लावावे आणि मगच लिंबू कापावे.

खंडेनवमीच्या दिवशी शस्त्रपूजा झाली. राजा चित्रवर्मा तालमीत येऊन आसनावर बसला. रायाजीचा गुरुबंधू सोनबा तळहातावर लिंबू ठेवून उभा राहिला. रायाजीने पट्टा चढविला. परंतु मान लवविली नाही.

"रायाजी, कपाळ," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, ज्यावर लिंबू ठेवतात तो पाट," रायाजी हसून म्हणाला. "पाटाला कोणी नमस्कार करते काय?"

आणि त्याने वार केला. लिंबाची दोन शकले झाली. त्याबरोबर सोनबाचा तळहातही चिरला. रक्त तांबड्या मातीत पडले.

"हात हलवलास, भेकडा!" रायाजी गरजला. "राजासमोर माझी शोभा केलीस!"

वस्ताद उठले. त्यांचा आवाज चढला नाही.

"रायाजी, या तालमीतून चालता हो. दोन्ही हात जोडता येतील, तेव्हा परत ये."

"जातो! माझ्या हातापुढे दहा तालमी लोटांगण घालतील!"

त्याने उंबरठा ओलांडला मात्र, आणि दोन गोष्टी घडल्या. रक्त प्यालेली माती रुसली आणि शिळेसारखी कठीण झाली. आणि रायाजीच्या उजव्या हातावरची लोखंडी मूठ घट्ट बसली, ती काही केल्या निघेना.

त्याने तेल लावून पाहिले. सात लोहारांकडे गेला. सातांचेही हातोडे फुटले. त्याला डाव्या हाताने जेवावे लागे. कुशीवर निजता येत नसे. त्याला पाहून लोक चार हात दूर सरत. इतर तालमींच्या दारांशी तो गेला. दारावर पहिला नमस्कार करावा लागतो. तो त्याला करता येईना, म्हणून दारे उघडेनात. असे साडेदहा महिने गेले. अखेर त्याच्या ध्यानात आले की आपल्याला सगळे जग नको आहे. ती एक तालीम हवी आहे. पहाटे उठून माती खणणे हवे आहे, आणि वस्तादांची शिवी हवी आहे. त्याने मनाशी ठरविले, 'परत जायचे. मग हात राहो वा जावो.'

तालमीच्या कुंपणावर एक भारद्वाज पक्षी राही. तांबडे डोळे, विटकरी पंख, आणि जीभ मोठी तिखट.

"या, सरदार!" भारद्वाज म्हणाला. "पट्टा काढायचे विसरलात वाटते?"

"थट्टा पुरे. मला आत जायचे आहे."

"आत आहे काय? माती दगड झाली, पोरे घरी बसली. येत्या खंडेनवमीपर्यंत ती मऊ झाली नाही, तर या जागी हत्ती बांधावेत, अशी राजाज्ञा आहे. तालीम मोडेल, तर तू परतणार कोठे?"

रायाजी कुंपणाजवळ सरकला. "उपाय सांग."

"तालमीच्या मातीत काय कालवतात, हे तूच सांग."

"हळद, ताक आणि तेल."

"तर मग हळद नागकड्याची आण, ताक काळंबेच्या डेऱ्यातले आण, आणि तेल शापित घाण्याचे आण. चाळीस दिवस उरले आहेत."

रायाजी त्याच पावली निघाला.

नागकड्यावर सात फण्यांचा नाग वेटोळे घालून बसला होता. सभोवार शस्त्रधारी वीर उभे होते, आणि ते सर्व दगडाचे होते.

"येथे ज्याने शस्त्राने खणले, त्याची ही गत झाली," नाग म्हणाला.

रायाजीने पट्ट्याचा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताच्या नखांनी खणू लागला. पहिल्या दिवशी सोन्याचे हंडे लागले. ते त्याने बाजूस सारले. दुसऱ्या दिवशी रत्नजडित मुकुट लागला, तोही सारला. तिसऱ्या दिवशी नखे उरली नव्हती, तेव्हा हळकुंड लागले.

"सोने का घेतले नाहीस?" नागाने विचारले.

"तालमीच्या मातीत सोने कालवत नाहीत."

नागाने सातही फणे बाजूस केले आणि वाट दिली.

काळंबा चेटकीण विहिरीएवढ्या डेऱ्यात हजार वर्षे ताक घुसळीत होती. तिने रवीच्या दोरीचे एक टोक रायाजीकडे फेकले. "एका टोकाला मी, एका टोकाला तू. लोणी आले तर ताक तुझे."

रायाजीने दोरी डाव्या मनगटाला गुंडाळली आणि सर्व बळ एकवटून ओढली. डेरा कलंडला. काळंबेने तो पुन्हा भरला. रायाजीने अधिक बळ लावले. डेरा पुन्हा कलंडला, आणि ताकाचा लोंढा त्याच्या डोक्यावरून गेला.

काळंबा खदाखदा हसली. "अरे मुडद्या, ओढतोस छान! सोडायला कोणी शिकवले नाही काय?"

रायाजी ओलेता उभा राहिला आणि प्रथमच तिच्या हाताकडे पाहू लागला. ती ओढी, तेव्हा त्याने सैल सोडले. ती सोडी, तेव्हा त्याने ओढले. तीन प्रहर असे चालले आणि लोणी वर आले.

"आता उशिरा का होईना, माणसात आलास," काळंबा म्हणाली, आणि तिने मडके भरून दिले.

तिसरे स्थान भर बाजारात होते. घाण्याला एक दगडी बैल जुंपलेला होता. जोडीदार मिळाल्याखेरीज त्याने पाऊल टाकू नये, असा त्याला शाप होता. रायाजीने डोळ्यांना झापड बांधली आणि जू खांद्यावर घेतले. लोक जमले. "बघा हो, राजाचा पट्टेकरी घाण्याला!" एकाने त्याच्या अंगावर गवताची पेंडी फेकली. रायाजीचा पट्टा एकदा थरथरला. मग त्याने पुढचे पाऊल टाकले. एकवीस दिवस तो फिरला, आणि बुधला भरला.

खंडेनवमी उजाडली. तालमीबाहेर माहूत हत्ती घेऊन उभे होते. आत राजा बसला होता, वस्ताद होते, शिष्य होते, आणि एका कोपऱ्यात सोनबा होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे वर्षभर मिटत नव्हती.

रायाजीने शिळेवर हळद कुटून टाकली, ताक ओतले, तेल ओतले. डाव्या हाताने कुदळ मारली. कुदळीचे टोक मोडले. शिळेवर ओरखडाही उठला नाही.

"माहुतांना आत बोलवा," राजा म्हणाला.

"क्षणभर थांबावे, महाराज," वस्ताद म्हणाले आणि रायाजीकडे वळले. "मातीत चौथी वस्तूही पडते. तू ती विसरलास की टाळलीस?"

नागासमोर रायाजी भ्याला नव्हता; आता त्याचे ओठ सुकले.

"टाळली, वस्ताद. चौथी वस्तू लिंबू."

त्याने पूजेतले लिंबू उचलले, डाव्या तळहातावर ठेवले आणि सोनबापुढे जाऊन हात लांब केला. "सोनबा, काप."

"दादा, माझा उजवा हात मूठ धरीत नाही," सोनबा हळूच म्हणाला. "डाव्याने शिकतो आहे. अजून कच्चा आहे."

"ठाऊक आहे. काप."

सोनबाने डाव्या हातावर पट्टा चढविला. तो खाली वाकला आणि त्याने रायाजीच्या नखे नसलेल्या हाताला आपले कपाळ लावले. ते कपाळ घामाने भिजलेले होते. पाते वर गेले. तेव्हा रायाजीस प्रथमच कळले की लिंबू धरणाऱ्याला पाते किती लांबून दिसते, आणि खाली येण्यास ते किती वेळ घेते. त्याने डोळे मिटले नाहीत. हात हलविला नाही.

लिंबू दुभंगले. त्याबरोबर तळहातावर तांबडी रेघ उमटली.

सारी तालीम श्वास रोखून रायाजीच्या तोंडाकडे पाहत राहिली. सोनबाचा चेहरा पांढरा पडला.

"चूक माझी झाली, दादा," तो म्हणाला. "तुमचा हात हलला नव्हता."

रायाजीने लिंबाची शकले तशीच मुठीत दाबली.

"त्या दिवशी तुझाही हलला नव्हता, सोनबा," तो मोठ्याने, राजाला ऐकू जाईल असा, म्हणाला. "मी खोटे बोललो."

लिंबाचा रस शिळेवर ठिबकला. शिळेला एक चीर गेली, मग दुसरी, मग शंभर. आणि पाहता पाहता सगळा आखाडा भुसभुशीत, तांबडा, हळदीच्या वासाचा झाला. रायाजीच्या उजव्या हातावरची लोखंडी मूठ आपोआप ढिली झाली आणि पट्टा मातीत पडला. वर्षभर सूर्य न पाहिलेला तो हात पांढराफटक व काडीसारखा बारीक झाला होता.

रायाजीने तो दुसऱ्या, रक्ताळलेल्या हाताजवळ नेला आणि दोन्ही हात जोडले.

"ये," वस्ताद म्हणाले. "कुदळ दुसरी घे. ती मोडलीस, गाढवा."

"हत्ती परत न्या," राजा म्हणाला.

कुंपणावरून भारद्वाज ओरडला, "सरदार, पट्टा काढायचे अखेर आठवले!"

रायाजी सर्वांत धाकट्या शिष्याच्याही मागे, शेवटच्या रांगेत उभा राहू लागला. माती खणण्याचे काम त्याच्याकडे आले. सोनबाला त्याने डाव्या हाताचा पट्टा शिकविला, आणि पुढे राजाच्या पट्टेकऱ्यांत सोनबाचे नाव पहिले लागले. त्या तालमीत तेव्हापासून एक नवा दंडक झाला: ज्याने वर्षभर तळहातावर लिंबू धरले नाही, त्याला पट्टा दिला जात नाही.